राहत्या घराची वाढ आणि बांधकाम नियमांतील सवलत : अक्कलकुवा तालुक्यातील कुटुंबांसाठी माहिती

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. बांधलेले घर वाढवणे हे त्याहून सोपे काम आहे, असा मात्र सर्वसाधारण समज असतो. मुलाचे लग्न ठरते, चूल वेगळी होते, वृद्ध आईवडिलांसाठी खाली खोली हवी असते, आणि मग मागच्या पडवीवर भिंत चढते किंवा अंगणात नवा पाया खणला जातो. जागा आपली, पैसा आपला, मग विचारायचे कोणाला? हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याचे उत्तर वेळीच न शोधल्यामुळे अनेक वर्षांची बचत एका नोटिशीने धोक्यात येते. प्रस्तुत लेखात एका कुटुंबाच्या राहत्या घराचा विस्तार, त्यासाठी लागणारी परवानगी आणि नियमात न बसणाऱ्या बांधकामासाठी मागता येणारी विशेष सवलत ह्यांविषयीची माहिती अक्कलकुवा तालुक्याच्या संदर्भात दिली आहे.

ह्या विषयाची निकड शासकीय घरकुलांमुळे वाढली आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) निकषांनुसार घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट आहे. आदिवासी कुटुंबांसाठीच्या शबरी आवास योजनेतील घरही साधारण तेवढेच. पाच-सहा माणसांच्या कुटुंबाला ते अपुरे पडते. त्यामुळे घरकुल पूर्ण होताच ‘आणखी एक खोली’ हा विचार सुरू होतो.

सवलतीची कल्पना कोठून आली?

बांधकामाचे नियम सर्वांसाठी सारखे असतात, भूखंड मात्र सारखे नसतात. एखादा भूखंड त्रिकोणी असतो, एखाद्याच्या मधून ओहोळ जातो, तर एखादा टेकडीच्या उतारावर असतो. नियमातील अंतरे तेथे शब्दशः पाळली, तर घरच उभे राहू शकत नाही. अशा वेळी नियम न मोडता, त्याच्या उद्देशाला धक्का न लावता, त्या एका भूखंडापुरता तो शिथिल करावा, ही कल्पना नगररचनेच्या कायद्यांत आली. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराने १९१६ साली संपूर्ण शहरासाठी विभागवार बांधकामाचे नियम केले. पुढे त्या देशातील नगरांत घरमालकाचे म्हणणे ऐकून, त्याची अडचण खरी असल्यास, अशी सवलत देणारी अपील मंडळे रूढ झाली. तेथे आजही एककुटुंबी घराला एक खोली जोडण्यासाठी शेजाऱ्यांच्या समक्ष सुनावणी होते.

आपल्या देशात नगररचनेचा पहिला कायदा १९१५ चा मुंबई नगररचना अधिनियम होय. त्यानंतर १९५४ चा कायदा आला आणि आज ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६’ लागू आहे. त्याखाली डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतांश भागासाठी ‘एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’ मंजूर झाली. बृहन्मुंबई व इतर काही क्षेत्रे तिच्यातून वगळलेली आहेत. विशिष्ट प्रकरणांत नियम शिथिल करण्याचा अधिकार ह्या नियमावलीत आहे. त्याचा उपयोग कसा होतो ते पुढे पाहू. त्याआधी एक महत्त्वाचा प्रश्न सोडवावा लागतो.

पहिला प्रश्न : घर कोणत्या जमिनीवर उभे आहे?

शहरात घर किती मोठे आणि सीमेपासून किती अंतरावर, ह्यावर वाद होतो. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि डोंगरात त्याआधीचा प्रश्न जमिनीचा असतो. अक्कलकुवा तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात मोडतो. येथील गावे पाड्या-पाड्यांत विखुरलेली आहेत. एका पाड्यावरून दुसऱ्यावर जाण्यास डोंगर ओलांडावा लागतो. कायद्यातील ‘गावठाण’ म्हणजे एकत्र वसलेल्या घरांची आखलेली जागा. आपल्याकडील कित्येक घरे मात्र शेतातच आहेत. म्हणून कुटुंबाने प्रथम आपले घर पुढीलपैकी कोणत्या प्रकारात येते ते निश्चित करावे.

(१) गावठाणातील घर. येथे अकृषिक परवानगीचा प्रश्न सहसा येत नाही. मालकीचा पुरावा म्हणजे मिळकत पत्रिका किंवा सनद. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी करून अशा पत्रिका दिल्या जात आहेत. ग्रामपंचायतीचा ‘नमुना ८’ हा उतारा घरपट्टी आकारणीची नोंद आहे. तो मालकी हक्काचा अंतिम पुरावा नव्हे, हे अनेकांना ठाऊक नसते. घराची नोंद पती व पत्नी दोघांच्या नावे असावी, असे शासनाचे धोरण आहे. वाढीव बांधकामाच्या निमित्ताने ही नोंद तपासून घेणे इष्ट.

(२) शेतजमिनीवरील घर. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार शेतीसाठी असलेली जमीन अन्य कामासाठी वापरण्यावर निर्बंध आहेत. तथापि शेतमालाची साठवण, गुरांचा गोठा आणि शेतकऱ्याच्या कुटुंबाचे राहणे ह्यांसाठीच्या बांधकामाला ही संहिता ‘शेतइमारत’ मानते. आपले घर ह्या व्याख्येत बसते की नाही, हे तलाठ्याकडून (२०२४ पासूनचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) लेखी जाणून घ्यावे. भाड्याने देण्यासाठी खोल्या किंवा रस्त्यालगत दुकानाचा गाळा काढल्यास ते शेतघर राहत नाही. अकृषिक वापराचे नियम २०१४ व २०१७ च्या दुरुस्त्यांनी बरेच सोपे झाले. २०१७ च्या दुरुस्तीत गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील निवासी वापराचा वेगळा विचार झाला. हे नियम वारंवार बदलत आले आहेत. म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेली तरतूद तहसील कार्यालयातून विचारून घ्यावी.

(३) वनहक्काच्या जमिनीवरील घर. वनहक्क कायदा, २००६ ने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या व तिच्यावर राहणाऱ्या आदिवासी कुटुंबांना वास्तव्याचा व शेतीचा हक्क दिला. हा हक्क वारसाने मिळतो. तो विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. विवाहित व्यक्तीच्या बाबतीत तो पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवला जातो. आपल्या कुटुंबासाठी घर वाढवणे आणि त्या घराचा सौदा करणे ह्यांत म्हणूनच मोठा भेद आहे. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून ह्या कायद्यात अनुसूचित क्षेत्रापुरता बदल केला. वाढत्या कुटुंबांना लगतच्या वनक्षेत्रात घर बांधता यावे, हा त्याचा हेतू होता. अर्थात ह्याचा लाभ विहित प्रक्रियेनेच मिळतो. मान्य झालेल्या दाव्याच्या नकाशाबाहेर आपण होऊन पाया काढणे म्हणजे वनजमिनीवरील अतिक्रमण होय.

(४) पुनर्वसन वसाहतीतील घर. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी ह्या तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. मणिबेली हे त्यांपैकीच एक. नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात प्रत्येक विस्थापित कुटुंबाला ६० फूट बाय ९० फूट, म्हणजे ५,४०० चौरस फुटांचा घरभूखंड देण्याची तरतूद होती. हे क्षेत्र सुमारे ५०० चौरस मीटर भरते. एवढ्या भूखंडावर घर वाढवण्यास जागा पुरेशी असते. परंतु ३०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांसाठी असलेली सुलभ पद्धत (तिचे वर्णन पुढे येत आहे) त्याला लागू होत नाही. भावाभावांनी तोंडी वाटणी करून घरे बांधली असतील तरीही कागदावर भूखंड एकच असतो. तसेच अशी जमीन भोगवटादार वर्ग २ ची असल्यास हस्तांतरासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. सातबाऱ्यावर किंवा वाटपपत्रावर ही नोंद पाहावी.

(५) गायरान किंवा अन्य शासकीय जमीन. येथे विस्ताराची परवानगी मिळत नाही. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी दिला. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामीण भागातील १ जानेवारी २०११ पूर्वीची काही निवासी अतिक्रमणे अटींसह नियमित करण्याचा निर्णय घेतला होता. मात्र जुन्या घराला मिळालेली मान्यता नव्या खोलीला आपोआप लागू होत नाही.

आणखी एक बाब आदिवासी जमिनीची. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासी व्यक्तीची जमीन बिगरआदिवासी व्यक्तीला विक्री, दान, अदलाबदल, गहाण किंवा पट्ट्याने देण्यास पूर्वमंजुरी आवश्यक आहे. घर वाढवण्यासाठी खाजगी सावकाराकडून रक्कम घेऊन त्या बदल्यात घराचा किंवा जमिनीचा कागद लिहून देणे हे म्हणूनच अत्यंत धोक्याचे आहे.

परवानगी कोण देते?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ नुसार गावाच्या हद्दीत ग्रामपंचायतीच्या पूर्वपरवानगीशिवाय इमारत उभारता किंवा पुन्हा उभारता येत नाही. ज्या क्षेत्राला प्रादेशिक योजना लागू आहे, तेथे १९६६ च्या नगररचना अधिनियमाचे कलम १८ लक्षात घ्यावे लागते. त्यानुसार गावठाणाबाहेरील बांधकामाची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येते. आपला गट किंवा सर्व्हे क्रमांक कोणत्या योजनेत व कोणत्या वापर विभागात आहे, हे जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयातून कळते. अर्जापूर्वी हा झोन दाखला घ्यावा. रहिवास विभाग, शेती विभाग आणि वन विभाग ह्यांचे नियम भिन्न असतात.

लहान घरांसाठी २०२० च्या नियमावलीने पद्धत सुलभ केली आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या (सुमारे १,६०० चौरस फूट) भूखंडावरील घरासाठी मालकीची कागदपत्रे, स्थळदर्शक नकाशा, घराचा आराखडा, तो नियमानुसार असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा किंवा वास्तुविशारदाचा दाखला आणि शुल्क भरल्याची पावती सादर करावयाची असते. १५० ते ३०० चौरस मीटरच्या (सुमारे ३,२०० चौरस फूट) भूखंडासाठी हीच कागदपत्रे दिल्यावर शुल्क कळवले जाते आणि ते भरल्यावर बांधकाम सुरू करण्याचा दाखला मिळतो. ही पद्धत ग्रामीण भागातही लागू असल्याचे ग्रामविकास विभागाने २०२१ मध्ये जाहीर केले होते. त्याहून मोठ्या भूखंडासाठी नगररचना कार्यालयाची छाननी आवश्यक ठरते. ह्या सुलभतेला एकच अट आहे : आराखडा नियमात बसला पाहिजे. तो बसत नसेल, तर सवलतीचा स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

घराच्या आतील दुरुस्ती, गिलावा, फरशी, कौले बदलणे अशा कामांना नगररचना अधिनियमाखाली परवानगी लागत नाही. बाह्य स्वरूपात लक्षणीय बदल होता कामा नये. नवी खोली, वरचा मजला, पुढे आलेली गच्ची किंवा पडवीला भिंती घालून केलेली खोली हा मात्र विस्तारच.

सवलत कशात मिळते आणि कशात नाही?

नियमावलीचा आशय असा : नियमांमुळे उघडपणे दाखवून देता येईल अशी अडचण उद्भवत असेल, तर सक्षम प्राधिकारी लेखी विशेष परवानगीने मोजमापांत फेरफार करू शकतो. मात्र त्यामुळे त्या घरातील व शेजारातील लोकांचे आरोग्य, अग्निसुरक्षा, इमारतीची मजबुती आणि सार्वजनिक सुरक्षितता ह्यांना बाधा येता कामा नये. अशी परवानगी देताना अटी घालता येतात, अधिमूल्य किंवा अनामत रक्कमही मागता येते.

ह्यातील ‘अडचण’ हा शब्द नीट समजून घ्यावा. अडचण भूखंडाची असावी लागते. भूखंडाचा वाकडा आकार, तीव्र उतार, मधील विहीर किंवा नाला, मोजणीत अरुंद झालेली बाजू, ही अडचणीची उदाहरणे होत. ‘पाया स्वस्तात पडेल’, ‘शेजाऱ्यानेही तसेच केले आहे’ किंवा ‘गवंडी मिळाला म्हणून काम सुरू केले’ ही कारणे टिकत नाहीत. मालकाने स्वतःच निर्माण केलेली अडचणही ग्राह्य धरली जात नाही. भूखंडाचा अर्धा भाग विकायचा आणि मग जागा कमी पडते म्हणायचे, हा त्याचा नमुना.

सवलत साधारणतः बाजूच्या व मागच्या मोकळ्या जागेच्या अंतरात, खोलीच्या मापात, जिन्याच्या रुंदीत अशा बाबतींत विचारात घेतली जाते. दोन गोष्टींत तिची अपेक्षा करू नये. पहिली, रस्त्याच्या हद्दीपासून सोडावयाचे अंतर. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्गासारख्या मोठ्या रस्त्यालगत तर इमारत रेषा व नियंत्रण रेषा वेगळ्या ठरवलेल्या असतात आणि त्यांबाबत रस्त्याच्या यंत्रणेचे म्हणणे निर्णायक असते. दुसरी, चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येईल ती मर्यादा. निर्देशांक १ असेल, तर १०० चौरस मीटरच्या भूखंडावर सर्व मजले मिळून १०० चौरस मीटरच बांधता येते. नियमातच तशी तरतूद असल्याशिवाय ही मर्यादा अडचणीच्या कारणाने ओलांडता येत नाही.

मोकळी जागा सोडण्याचा नियम अनेकांना जाचक वाटतो. वस्तुतः तो शेजाऱ्याच्या उजेडाचा, वाऱ्याचा आणि पावसाच्या पाण्याचा नियम आहे. आपल्या पत्र्याचे पाणी शेजारच्या कुडाच्या भिंतीवर पडले, तर दोन पावसाळ्यांत ती भिंत कुजते. आग लागली, तर दोन घरांतील ते चार-पाच फूटच उपयोगी पडतात. सवलत मागणाऱ्याने म्हणूनच ‘मला काय हवे’ ह्याबरोबर ‘दुसऱ्याचे काय जाणार नाही’ हेही अर्जात दाखवले पाहिजे.

अर्ज कसा करावा?

१. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्द कायम करून घ्यावी. हद्दीचा वाद असताना केलेला अर्ज पुढे सरकत नाही.

२. सातबारा, मिळकत पत्रिका, वनहक्काचे प्रमाणपत्र किंवा वाटपपत्र यांपैकी लागू असलेला कागद, नमुना ८ चा उतारा व घरपट्टीची पावती जोडावी. सहहिस्सेदार असल्यास त्यांची लेखी संमती घ्यावी.

३. परवानाधारक अभियंत्याकडून सध्याचे घर व प्रस्तावित वाढ वेगळ्या रंगांत दाखवणारा आराखडा करून घ्यावा. मजला चढवायचा असल्यास जुना पाया व भिंती तो भार पेलतील असा दाखला घ्यावा. २५ चौरस मीटरच्या घरकुलाचा पाया बहुधा एका मजल्यापुरताच घातलेला असतो.

४. अर्जात चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात : कोणता नियम पाळता येत नाही, किती मापाने, भूखंडाच्या कोणत्या स्थितीमुळे, आणि त्यावर पर्याय का नाही. जागेची छायाचित्रे जोडावीत.

५. लगतच्या घरमालकांचे ना हरकत पत्र जोडावे. त्यामुळे नियम बदलत नाही. परंतु निर्णय घेणाऱ्याच्या मनातील मोठी शंका दूर होते.

६. लाकडाचा विचार आधी करावा. आपल्या शेतातील साग तोडण्यासही वृक्षतोडीच्या कायद्याखाली परवानगी व वाहतुकीस पास लागतो.

७. अर्जाची पोच, तारीख व आवक क्रमांकासह, जपून ठेवावी. निर्णयासाठीची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.

नकार आल्यास किंवा उत्तरच न आल्यास

नकार लेखी व कारणांसह मागावा. नियोजन प्राधिकरणाने परवानगी नाकारल्यास नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ नुसार ४० दिवसांच्या आत शासनाकडे अपील करता येते. त्या अधिनियमात ६० दिवसांत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाल्याचे मानण्याची तरतूद आहे. पण ती नियमात बसणाऱ्या बांधकामापुरती आहे. सवलतीच्या अर्जाला मौन म्हणजे संमती हे तत्त्व लागू पडत नाही. तेथे लेखी आदेश हाती येणे आवश्यक असते. उताऱ्यासारख्या अधिसूचित सेवांना विलंब झाल्यास महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करता येते.

आधी बांधून नंतर नियमित करून घेऊ, असा सल्ला गावोगावी दिला जातो. शासनाने वेळोवेळी असे मार्ग काढले हे खरे आहे. उदाहरणार्थ, २०१७ मध्ये ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीच्या काही अनधिकृत बांधकामांसाठी नगररचना अधिनियमात कलम ५२-अ घालण्यात आले. परंतु अशा प्रत्येक योजनेची एक तारीख असते. त्या तारखेनंतरच्या बांधकामाला तिचा आधार मिळत नाही. शिवाय नियमित करण्याचे शुल्क भरावे लागते ते वेगळेच. बांधकाम पाडण्याची नोटीस आल्यास मुदत अल्प असते. ती नोटीस घरात ठेवून न देता त्याच दिवशी लेखी उत्तराची तयारी करावी.

पाड्यावरच्या कुटुंबाकडे अनेकदा जमीन असते, श्रम असतात, बांबू व माती असते. नसतो तो कागद. घर वाढवण्याच्या वेळी हा कागद सरळ करून घेण्याची उत्तम संधी मिळते. मोजणी, वारसांच्या नोंदी, पत्नीचे नाव, भावांची वाटणी ही कामे एकदा झाली, की पुढच्या पिढीचे निम्मे भांडण मिटते. सवलत मिळाली, तर लेखी आदेश व मंजूर नकाशा घरातील महत्त्वाच्या कागदांबरोबर जपावा आणि काम त्या नकाशाप्रमाणेच करावे. न मिळाल्यास आराखडा बदलावा. कागदावरची रेघ खोडण्यास काही खर्च येत नाही. बांधलेली भिंत पाडण्यास फार येतो. म्हणून क्रम असाच ठेवावा : आधी जमिनीचा कागद, मग परवानगी, आणि शेवटी पाया.